चार बोटं पाणी

साकोलीकडे माझं आजोळ. धानाचा मुलूख, त्यामुळे तिथे शेताला बांधी म्हणतात आणि बांधीच्या कडेला घातलेल्या मातीच्या बांधाला धुरा. पोळ्याला आईबरोबर गेले की आबाजी पहाटे फावडं खांद्यावर टाकून निघायचे आणि मी त्यांच्या मागे. धुरा इतका अरुंद की एकामागे एक असंच चालावं लागे. खेकड्यानं कुठे भोक पाडलं, माती कुठे खचली, वरच्या बांधीतलं पाणी खाली उतरताना कुठे जास्त ओढ घेतंय, हे बघत ते सगळीकडून फिरून येत. धुऱ्यावर तुरीची ओळ असायची. वीतभर रुंदीची ती जागासुद्धा रिकामी ठेवलेली नसे.

त्या भागात माणसांनी पाणी अडवायची कला फार पूर्वी कमावली आहे. कोहळी समाजानं बांधलेल्या तलावांवर भंडारा-गोंदियाची धानशेती पिढ्यान्‌पिढ्या उभी राहिली; नवेगावबांध त्यातलाच. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि त्यांना ‘माजी मालगुजारी’, म्हणजे मामा तलाव, हे नाव पडलं. तलावाची पाळ कोणी दुरुस्त करायची, पाणी सोडायचा तुडुम कधी उघडायचा, कोणाच्या बांधीला आधी पाणी, हे पूर्वी गाव ठरवायचं. मालकी बदलली आणि ही ठरवण्याची सवयही अनेक ठिकाणी सैल पडली, याचं आबाजींना शेवटपर्यंत वाईट वाटत राहिलं. मोठेपणी मला कळलं की त्यांची हळहळ तलावापेक्षा त्या सवयीसाठी अधिक होती.

बाबा मात्र धानातून उठून पोलादात आले. सोव्हिएत रशियाशी १९५५ मध्ये करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ ला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि विदर्भातून कितीतरी घरं इकडे आली. आम्ही सेक्टरच्या क्वार्टरमध्ये वाढलो. प्रगती हा शब्द आमच्याकडे घरचाच होता. ती मोजता यायची, टनांत, बढतीत, नव्या भट्टीत. त्या पोलादानं आमची शिक्षणं केली, आणि ते मी कधीच विसरणार नाही. क्वार्टरच्या मागच्या अंगणात बाबांनी पेरू-डाळिंबांना आळी केली होती आणि न्हाणीच्या पाण्यावर आईचं अळू वाढत होतं. नळाला पाणी यायचं, ते कुठून, हे कोणी विचारत नसे. बालोदजवळच्या तांदुला धरणाचं पाणी कालव्यानं मरोद्याच्या जलाशयात येतं आणि तिथून कारखान्याला मिळतं. धरण मात्र कारखान्याच्या कितीतरी आधी, इंग्रजांच्या काळात, दुष्काळ पाहिलेल्या शेतीसाठी बांधलेलं. पाऊस ओढला की एकाच पाण्यावर शेताचा आणि भट्टीचा, दोघांचा हक्क पोचतो.

भिलाईच्या दक्षिणेला उतई. बाहेरच्यांना ते गाव केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या प्रशिक्षण केंद्रामुळे माहीत असतं. मला ते माहीत आहे मातीमुळे. तिथल्या आमच्या शेताच्या लहानशा तुकड्यात वरच्या अंगाला भाठा, म्हणजे लाल मुरमाड जमीन, मध्ये पिवळसर मटासी आणि सगळ्यात खाली काळी कन्हार. उतार डोळ्याला दिसत नाही, पण पावसाला पक्का ठाऊक असतो. इथे धुऱ्याला मेड म्हणतात आणि पाणी पुढे सोडायला मेडेत ठेवलेल्या तोंडाला मुही.

पर्माकल्चरचा, म्हणजे निसर्गाच्या रीतीवर बेतलेल्या टिकाऊ शेतीचा, डिप्लोमा मी पन्नाशी ओलांडल्यावर हाती घेतला. टास्मानियात बिल मोलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी १९७८ मध्ये पहिलं पुस्तक काढलं, १९८७ मध्ये मोलिसन भारतात येऊन गेले आणि तेलंगणात या विचाराला चांगली मुळं फुटली. २०१७ चं आंतरराष्ट्रीय संमेलनही हैदराबादेत झालं. अभ्यासाची रीत अशी: आधी बहात्तर तासांचा पायाभूत वर्ग, मग निदान दोन वर्षं प्रत्यक्ष काम. ब्रिटनमधल्या पद्धतीत दहा आराखडे करून दाखवावे लागतात. निरीक्षण, आखणी, अंमल, मूल्यमापन, पुन्हा निरीक्षण. माझ्या मार्गदर्शक बाई दर काही महिन्यांनी दोनच प्रश्न विचारतात. काय पुढे सरकलं? आणि तोल कुठे जातोय?

पहिल्या प्रश्नाला उत्तर देणं मला बराच काळ जड गेलं. भाठ्यावरची सीताफळं हातभर वाढली, हे लिहिता येतं. मेड बसली, हे कसं लिहायचं? नवी मेड पहिल्या पावसात खचते. मग तिच्यावर दूर्वा धरते, तूर धरते, मुळं माती आवळतात, आणि एका पावसाळ्यात लक्षात येतं की यंदा फावडं फारसं लागलंच नाही. ती प्रगती कोणत्या तारखेला झाली हे सांगता येत नाही. अशा वेळी मला श्री. अ. दाभोळकरांचा आधार वाटतो. कोल्हापूरचे हे गणिताचे प्राध्यापक; त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला तो शेतकऱ्यांनी आपल्याच शेतात प्रयोग करावेत आणि जे कळलं ते एकमेकांना सांगावं यासाठी. सांगली-तासगावच्या द्राक्षबागांनी त्याचं फळ पाहिलं. दहा गुंठ्यांत पाच माणसांचं कुटुंब नीट जगू शकेल, हा हिशेब ते पानावर पडणाऱ्या उन्हापासून मांडत. तिथे पदवी नव्हती, प्रमाणपत्र नव्हतं. मला डिप्लोमा हवा आहे, कारण त्यानं शिस्त लागते. पण परीक्षक म्हणून दाभोळकरांच्या परिवारातला एखादा माळकरी शेतकरी समोर असता तर मला जास्त आवडलं असतं.

तसे एक परीक्षक मला उतईत मिळाले आहेत. माझ्या खालच्या शेताचे कका. सत्तरी ओलांडलेले, पाण्याची नस ओळखणारे. मी अभ्यासाला लागले तेव्हा डोक्यात एकच होतं: पाण्याचा वेग कमी करा, पसरा, मुरवा. वर्षाला बाराशे मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस माझ्याच जमिनीत मुरायला हवा. कका मेडेवर उभं राहून शांतपणे म्हणाले, “मुही ल थोरकन खोल दे नोनी, पानी ल जावन दे.” त्यांची बियासी अडली होती.

बियासी समजल्याशिवाय इथला तोल समजत नाही. धान फेकून पेरतात. महिना-सव्वा महिना झाला, बांधीत वीतभर पाणी साचलं की उभ्या पिकात हलका नांगर घालतात. पाहणाऱ्याचा जीव गोळा होतो, इतकं ते निर्दय दिसतं. पण तण गाडलं जातं, दाट रोपं विरळ होतात, मुळांशी हवा खेळते, आणि उखडलेली रोपं मोकळ्या जागी लावून घेतली की, या कामाला चलाई म्हणतात, शेत काही दिवसांत पुन्हा उभं राहतं. पाणी नसेल तर बियासी होत नाही आणि उशीर झाला तर फुटवे कमी येतात. म्हणजे माझ्या मेडेची उंची हा माझा एकटीचा प्रश्न नव्हताच. पर्माकल्चरच्या तीन नीतींत तिसरी वाजवी वाट्याची. पुस्तकात ती शेवटी येते. उतारावरच्या शेतात तिच्यापासूनच सुरुवात करावी लागते.

मेडेवर जुन्या बाभळी आहेत. छत्तीसगडमध्ये धानाच्या बांधांवर बाभूळ राखणं ही जुनी रीत. सावलीखाली धान थोडं कमी येतं, पण शेंगा शेळ्यांना, काटे कुंपणाला, लाकूड अवजारांना. कका दरवर्षी फांद्या किती छाटायच्या ते त्या वर्षीची गरज पाहून ठरवतात.

त्यांच्याकडेच मी उतेरा पाहिला. धान कापणीला दोन-तीन आठवडे असताना, ओल असतानाच, उभ्या पिकात तिवरा, म्हणजे लाखोळी, नाहीतर जवस फेकायचं. नांगरट नाही, वेगळं पाणी नाही. जपानी शेतकरी फुकुओकांच्या १९७५ च्या पुस्तकात उभ्या भातात बी टाकण्याची वर्णनं वाचून आम्ही शिकाऊ मंडळी भारावलो होतो, आणि इथे ते कोणाला शिकवावं लागलेलं नाही. मात्र उतेरा कमी होतो आहे. कापणीनंतर जनावरं मोकळी सुटतात, हार्वेस्टरच्या चाकांखाली कोवळी रोपं चिरडतात. शिवाय धानाला सरकार क्विंटलला ३१०० रुपये देतं, एकरी २१ क्विंटलपर्यंत. ज्याचं घर त्या पैशावर चालतं त्यानं सगळीकडे धानच घेतलं तर त्याला मी विविधतेचे धडे द्यावेत, हे मला पटत नाही. माझ्यापाशी पेन्शन आहे, त्यांच्यापाशी नाही. माझ्या आराखड्यात हा फरक मी स्पष्ट लिहिला आहे आणि जोखमीचे प्रयोग माझ्या बाजूच्या मेडेवरच ठेवले आहेत. तिवरा दोन्ही शेतांत एकाच दिवशी टाकायचा आणि राखण वाटून घ्यायची, एवढं मात्र आमचं ठरलं आहे.

बाईंनी मागच्या वेळी सुचवलं की मुहीत ठरावीक उंचीवर पाइप बसवावा, म्हणजे मोजमाप सोपं. मी पाइप घेतला नाही. त्याऐवजी मूल्यमापनाच्या रकान्यात ककांना विचारून हे लिहून पाठवलं: पेरणीला मुही उघडी. रोप धरल्यावर चार बोटं पाणी. बियासीला वीतभर, पण आधी खालच्या बांधीत तेवढं झालंय का ते पाहून. चलाईनंतर पुन्हा चार बोटं. दाणा भरताना नुसती ओल. तिवरा टाकायच्या आधी मुही पूर्ण मोकळी, आणि त्या दिवशी आभाळ भरलं असेल तर एक दिवस थांबायचं.