पाठीवरचा आकडा

परवा सायंकाळी आमच्या पेठेतील तालमीची तीन मुले घरी आली. पाणी पिऊन झाले, पावसाच्या गोष्टी झाल्या, तरी मंडळी मूळ मुद्द्यावर येईनात. अखेर त्यांतला एक जण चाचरत म्हणाला, "काका, दादांचा दहा नंबर या हंगामात एका पोराला द्यावा असं चाललंय. पण तुम्ही हो म्हटल्याशिवाय नको, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं."

'दादा' म्हणजे माझे थोरले बंधू. कोल्हापुरात फुटबॉलचे अनेक संघ तालमींच्या नावाने खेळतात, आणि शाहू स्टेडियमवर सामना असला की सारी पेठ तिकडे लोटते. दादा त्या गर्दीचे लाडके होते. खेळ सोडल्यावरही ते रोज सरावाला जाऊन उभे राहत. त्यांच्या देखत तो आकडा पाठीवर घालण्याचे धैर्य कोणास झाले नाही. सहा वर्षांपूर्वी ते गेले, आणि मग तो विषयच कोणी काढला नाही. ठराव असा झालाच नव्हता. नुसत्या संकोचानेच तो आकडा निवृत्त झाला होता.

मी "विचार करून सांगतो" म्हणालो. खरे सांगायचे तर मनात 'नाही' असेच होते.

माझ्या नकाराला मोठा आधारही होता. सचिन तेंडुलकर 10 हा आकडा घेऊन शेवटचा आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना 2012 साली खेळले. पुढे 2017 च्या ऑगस्टात कोलंबोला पालघरचा शार्दुल ठाकूर आपल्या पहिल्याच एकदिवसीय सामन्यात तोच आकडा घेऊन उतरला, आणि लोक त्याच्यावर तुटून पडले. त्या बिचाऱ्याने तो जन्मतारखेच्या अंकांची बेरीज करून निवडला होता! नंतर तो 54 घेऊन खेळू लागला. त्या वेळी "काय ही धिटाई!" असे म्हणणाऱ्यांत मीही होतो. आज मात्र असे वाटते की, तेंडुलकरांच्या कीर्तीला त्या दिवशी कसलाही धोका नव्हता. धोका होता तो एका नवख्या मुलाच्या उमेदीला. मान गेलेल्याचा, पण ओझे मात्र आलेल्याच्या पाठीवर, असा हा व्यवहार आहे.

म्हणून तर आकडा बाजूला ठेवावा, असे कोणी म्हणेल. अर्जेंटिनाने तेच करून पाहिले. मॅराडोनाचा 10 यापुढे कोणास द्यायचा नाही, असे त्यांनी 2002 च्या विश्वचषकापूर्वी ठरवले. पण आकडे 1 ते 23 असे सलगच असले पाहिजेत, असा फिफाचा नियम आडवा आला. नियम पुष्कळदा रुक्ष असतो. पण कधी कधी तो भक्तांपेक्षा शहाणा ठरतो. त्याच 10 आकड्यानिशी मेस्सीने 2022 साली विश्वचषक उचलला, आणि आमच्या कोल्हापुरातल्या चाहत्यांनी रात्र डोक्यावर घेतली. त्या रात्री मॅराडोनाचा कोणास विसर पडला होता काय? उलट, ज्यांनी त्याला कधी पाहिले नव्हते अशा पोरांच्या तोंडीही त्याचे नाव आले.

पण इतक्या दूर तरी कशाला जावे? ज्या स्टेडियमवर दादा खेळले त्याचेच नाव पाहा. साताऱ्याचे शाहू छत्रपती 1749 साली वारले. 1884 च्या मार्चमध्ये कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि त्यांचे नाव शाहू ठेवण्यात आले. वय अवघे नऊ. 'एवढे मोठे नाव या मुलाला पेलेल काय?' अशी शंका तेव्हा काढता आली असती. पुढे त्याच शाहू महाराजांनी 1902 साली संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. ते नाव साताऱ्याबरोबरच मिटून ठेवले असते, तर ते थोर राहिले असते खरे. पण वाढले नसते. आपल्या घराघरांतून नातवाला आजोबांचे नाव ठेवतात, ते काय आजोबा स्वस्त झाले म्हणून?

हे सारे मनाशी पटूनही माझा पाय अडखळत होता. दादांची जर्सी वहिनींनी ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून जपली आहे. त्यांना विचारायचे कसे? दोन दिवस मी टाळाटाळ केली. तिसऱ्या दिवशी भीत भीत सांगितले.

वहिनी भाजी निवडत होत्या. हात न थांबवता त्यांनी विचारले, "पोरगा खेळतो कसा?"

"बरा खेळतो म्हणतात. डावखुरा आहे."

त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांची जर्सी माझी आहे, ती मी देणार नाही. नंबर तालमीचा आहे. तो मी कोण अडवणार?"

दोन दिवस मी ज्याचा कीस पाडत बसलो होतो, तो प्रश्न त्यांनी दोन वाक्यांत सोडवला. स्मृती घरच्यांची, तिला ट्रंक शोभते. आकडा खेळणाऱ्यांचा, त्याला घाम आणि चिखलच हवा. मध्यंतरी तो काही काळ कोरा राहिला, हे योग्यच झाले. घरात माणूस गेले की आपणही वर्षभर सण करीत नाही. पण वर्ष सरल्यावर दारी तोरण बांधतोच ना?

मी मुलांना होकार कळवला. फक्त एक अट घातली. पहिल्या सामन्यात पोराचा एखादा पास चुकेल, आणि गर्दीतून "दादा असते तर!" अशी आरोळी उठेल. ती उठणारच, पेठ मला ठाऊक आहे. तेव्हा तालमीच्या जुन्या खेळाडूंनी त्याच्या बाजूने ओरडायला पुढच्या रांगेत बसले पाहिजे.

त्या रांगेत दोन जागा वहिनींनी आपल्यासाठी आणि माझ्यासाठी धरायला सांगितल्या आहेत.