हजेरी

दान म्हणजे उरलेले देणे, अशी माझी समजूत. दिवाळीला जुनी पातळे काढून दिली की झाले! ती समजूत मोडली 2021 च्या एप्रिलात.

करोना भरात होता. 1 मेपासून अठरा वर्षांवरील सर्वांसाठी लस खुली होणार, आणि लस टोचल्यावर काही दिवस रक्त देता येत नव्हते. साठवलेल्या तांबड्या पेशी तर फार तर 42 दिवस टिकतात. म्हणून ‘आधी रक्त द्या’ अशी हाक होती.

मी ऐटीत शिबिरात गेले. हिमोग्लोबिन भरले साडेअकरा, हवे साडेबारा.

“बाई, तुम्ही नको,” तिथला मुलगा म्हणाला. माझे तोंड एवढेसे झाले.

शिबिर उद्याही होते. घरी येऊन जुन्या विद्यार्थ्यांना फोन लावू लागले. दोघे नाही म्हणाले. तिसरा, गणितात मी दोनदा नापास केलेला. बोलणे पुरते व्हायच्या आतच म्हणाला, “हजर, बाई!”

दुसऱ्या दिवशी अकरा जण आले. मी दारात बसून चहा-बिस्किटे दिली, नावे मांडली. त्याच्या नावापुढे खूण करताना हात जरा थांबला.