औषध की विष?

रविवारची मिस्सा आटोपून बाहेर पडले की, ओळखीची माणसे आजही विचारतात, "तू नेमके काय शिकलीस?" 'पर्यावरणीय विषविज्ञान' असे उत्तर दिले की समोरचा चेहरा गोंधळतो. विष शिकून का कुणाचे पोट भरते? हा प्रश्न प्रथम माझ्या वडिलांनीच विचारला होता.

खरे तर मला या वाटेवर आणले ते त्यांनीच. मी अकरावीत असताना वसईतल्या आमच्या वाडीत भाजीवर फवारणी करून बाबा घरी आले, ते घामाने निथळत. तोंडाला लाळ सुटलेली, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. हातांत मोजे नव्हते की नाकाला फडके नव्हते. दवाखान्यात अ‍ॅट्रोपिनची इंजेक्शने दिली, तेव्हा ते वाचले. त्या बाटलीला आम्ही 'औषध' म्हणत होतो, हे त्या रात्री मला प्रथमच खटकले.

रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी विद्यापीठात याच विषयाकडे वळले. ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशक मज्जातंतूंमधील एक विकर निकामी करते, आणि किड्याच्या शरीरात जे घडते तेच माणसाच्याही, हे तिथे उमगले. विष ठरते ते मात्रेवरून, हा सोळाव्या शतकातील पॅरासेल्ससचा विचार आमचा पहिला धडा होता. पण मात्रा नेहमीच एका घोटात येत नाही. जपानमधील मिनामाटा येथे कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा मासळीत साठत गेला, आणि १९५६ साली ती मासळी खाणाऱ्या कोळीवस्तीतला आजार उघडकीस आला.

मी शिकत असतानाच, २००४ साली, गिधाडे का नाहीशी होत आहेत याचा उलगडा झाला. गुरांच्या दुखण्यावर दिले जाणारे डायक्लोफिनॅक गाईला आराम देई. तिचे शव खाणाऱ्या गिधाडाचे मूत्रपिंड मात्र त्यानेच निकामी होई. २००६ साली भारताने गुरांसाठी त्यावर बंदी घातली. मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्यायही सापडला. एकाचे औषध ते दुसऱ्याचे विष, हे मी तेव्हा शिकले.

पोट भरण्याचे म्हणाल, तर वाटा अनेक आहेत. प्रदूषण नियंत्रण मंडळे, नव्या औषधांची सुरक्षितता तपासणारे विभाग, १९६५ साली स्थापन झालेल्या लखनौच्या विषविज्ञान संस्थेसारख्या संशोधन संस्था, शिवाय अध्यापन. मला कीटकनाशके बनवणाऱ्या एका कंपनीने दुप्पट पगार देऊ केला होता. तिथेही प्रामाणिक तपासनीस हवेच असतात. तरीही मी भाजीपाल्यातील विषारी अवशेष मोजणारी प्रयोगशाळा निवडली. बाबा महिनाभर माझ्याशी धड बोलले नाहीत.

एके संध्याकाळी मी त्यांना सांगितले, "बाबा, फवारणीनंतर ठरलेले दिवस गेल्याशिवाय भाजी काढू नये."

"भाव उतरला तर ते दिवस मला कोण भरून देणार गं?" त्यांनी विचारले.

माझ्या पदवीत याचे उत्तर नव्हते, आणि मी ते कबूल केले.

बाबांनी फवारणी सोडली नाही. पण पुढच्या हंगामात पंपघराच्या दारावर खडूने लिहिलेली तारीख दिसली, आणि खुंटीवर रबरी मोज्यांचा एक जोड. तिथून पुढे वाडीत त्या बाटलीला कुणी 'औषध' म्हटले, की बाबाच त्याला थांबवीत.