चालण्याने आठवण परत येते का?

मंडळी, आमचे हे रोज चालतात, मग स्मरणात फरक का पडत नाही, असं नातेवाइकांपैकी बरेच जण विचारतात. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओही येतात : अर्धा तास चाला, अल्झायमर बरा करा! एकेकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा इथेच लिहिते.

ह्यांच्या आजाराला आता सहा वर्षं होतील. मुलगा परदेशातून लेख पाठवतो, मी शब्दकोश घेऊन बसते, अडलं की त्याला फोन करते. माझं बीए मराठीतलं, त्यामुळे वेळ लागतो. पण वेळ आहे.

मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो. आकार समुद्री घोड्यासारखा, म्हणून ग्रीक भाषेतलं तेच नाव. नवी गोष्ट लक्षात राहण्यासाठी तो लागतो. अल्झायमरची झळ त्याला लवकर लागते. म्हणून सकाळचा चहा घेतलेला ह्यांना आठवत नाही आणि लहानपणचा वाडा मात्र खोल्यांसकट आठवतो.

अमेरिकेतल्या संशोधकांनी २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ५५ ते ८० वयाच्या १२० माणसांपैकी निम्म्यांना वर्षभर, आठवड्यातून तीन दिवस चालायला लावलं. बाकीच्यांना ताण देण्याचे हलके व्यायाम. चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्क्यांनी वाढला, दुसऱ्या गटाचा थोडा आक्रसला. वाचून मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! पण पुढे वाचलं तर ह्यातल्या कुणालाही स्मृतिभ्रंश नव्हता.

आजार झालेल्यांचं काय? ब्रिटनमध्ये सौम्य ते मध्यम स्मृतिभ्रंश असलेल्या ४९४ जणांचा अभ्यास २०१८ साली आला. त्यातल्या व्यायामाच्या गटाकडून चार महिने चांगला घाम निघेल असा व्यायाम करून घेतला. अंगात ताकद आली. बुद्धीची घसरण मात्र मंदावली नाही. वर्षाअखेरीस ती ह्या गटात किंचित जास्तच दिसली. तो लेख मी दोनदा वाचला आणि त्या दिवशी कुणाशी फारसं बोलले नाही.

मग मुलाने फिनलंडचा २०१३ सालचा अभ्यास पाठवला. अल्झायमर झालेली २१० माणसं, सगळी आपल्या जोडीदाराबरोबर घरी राहणारी. काहींच्या घरी आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपिस्ट येऊन व्यायाम घेई. वर्षभरात सगळेच खालावले, पण घरी व्यायाम करणारे हळू खालावले. अंघोळ, कपडे घालणं, खुर्चीतून उठणं, ह्या गोष्टी त्यांच्या हाती जास्त टिकल्या. व्यायाम करणारे पडलेही कमी.

हे वाचल्यावर माझा हिशेब बदलला. आठवणींच्या रकान्यात काही जमा होत नाही, हे मान्य. हे मला हल्ली 'बाई' म्हणतात. शाळेत आयुष्यभर ऐकलेली हाक आता घरात ऐकते. पण रात्री बाथरूमला अजून स्वतःच्या पायांनी जातात. घरात आम्ही दोघंच. ते पडले तर मी एकटी उचलू शकणार नाही.

नणंदबाई म्हणतात, "वहिनी, कशाला दमवता त्यांना?" मुलगा म्हणतो, ट्रेडमिल घेऊ. मी दोघांचंही ऐकत नाही. सांगलीच्या आमराईत संध्याकाळी सावकाश फेऱ्या मारतो. वाट रोजची तीच, चपलांऐवजी पट्ट्याचे बूट, हात माझ्या हातात. घरी खुर्ची धरून दहा वेळा उठबस. नाही म्हणाले तर त्या दिवशी सुट्टी.

आणि भाचे-पुतण्यांनो, ते व्हिडिओ काकांना पाठवू नका, स्वतः बघा. आजार बरा करण्याचं सोडा, पण चालत्या माणसाला तो होण्याचा धोका कमी असतो, असं जाणकार मानतात. तुमचे हिप्पोकॅम्पस अजून धडधाकट आहेत. असो. तुमच्याकडे असं कुणी असेल तर त्यांना कसं चालतं ठेवता, ते जरूर कळवा.