लुंबिनीचे आमंत्रण कोणाला?

नेपाळ हे आपले शेजारी राष्ट्र. पहाडी मुलूख, शेती तुटपुंजी, कारखानदारी जेमतेम. त्यामुळे परदेशी पाहुण्यांकडून येणारा पैसा तेथील हजारो घरांची चूल पेटवतो. हे पाहुणे यावेत म्हणून नेपाळने १९९८ साली 'नेपाळ भेट वर्ष' पाळले. २०११ हे पर्यटन वर्ष झाले, २०१२ हे खास लुंबिनीसाठी ठेवले. २०२० सालीही मोठा बेत होता, पण कोरोनाने तो मोडला. देशोदेशी पत्रके जातात, चित्रे जातात आणि 'आमच्याकडे या' असे सांगितले जाते. कोणत्या देशाला कोणते चित्र दाखवले जाते, याचा आम्ही जरा विचार केला. त्यातून जे सुचले ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवतो.

युरोपातील ऑस्ट्रिया या छोट्या देशाचे उदाहरण घ्या. अड्याळच्या माणसाला ऑस्ट्रियाशी काय देणेघेणे, असे कोणी विचारील. थोडे थांबा, संबंध पुढे येईल.

ऑस्ट्रिया हा आल्प्स पर्वताचा देश. तेथील माणसाला डोंगर चढण्याचे वेड. १९५४ साली हर्बर्ट टिची या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाच्या तुकडीने ८,१८८ मीटर उंचीचे चो ओयू शिखर प्रथम सर केले. शिखरावर पोहोचलेल्यांत पासांग दावा लामा हा शेर्पाही होता. १९६० साली धौलागिरीवर प्रथम पाय ठेवणाऱ्यांतही एक ऑस्ट्रियन होता. पुढे ऑस्ट्रिया सरकारने पाटण येथील जुन्या राजवाड्याचे वस्तुसंग्रहालय उभे करण्यास मदत केली. ते १९९७ साली खुले झाले. असा हा जुना घरोबा. त्यामुळे ऑस्ट्रियन प्रवाशाला नेपाळ दाखवायचे तर पांढरेशुभ्र शिखर आणि वाऱ्यावर फडफडणाऱ्या रंगीत पताका दाखवल्या की काम भागते. तो हजारो मैल विमानाने येतो, तीस दिवसांच्या व्हिसाचे पन्नास डॉलर मोजतो, पहाड चढतो आणि परत जातो.

पण त्याच ऑस्ट्रियाची दुसरी बाजू आहे, ती पुष्कळांना ठाऊक नाही. त्या देशाने १९८३ साली बौद्ध धम्माला कायद्याने मान्यता दिली. पश्चिम युरोपात हे पाऊल सर्वांत आधी टाकले ते ऑस्ट्रियाने. त्याच वर्षी व्हिएन्ना शहरात डॅन्यूब नदीच्या काठी जपानी भिक्खूंनी शांतिस्तूप उभारला. आणि लुंबिनीला गेलात तर पश्चिमेकडच्या विहारांच्या रांगेत ऑस्ट्रियाच्या नावाचाही विहार दिसेल. म्हणजे केवळ शिखरे पाहायला नव्हे, तर तथागतांच्या जन्मभूमीवर मस्तक टेकवायलाही तिकडचा माणूस येतो.

आता आपल्याकडे वळू. आपल्या भागात नेपाळची जाहिरात कशी होते? यात्रा कंपन्यांचे पत्रक हातात घ्या. पशुपतिनाथ मोठ्या अक्षरांत, मुक्तिनाथ मोठ्या अक्षरांत, मनकामना देवीचा पाळणा आणि पोखऱ्याचा तलाव फोटोसह. लुंबिनी शेवटच्या ओळीत, बारीक टाइपात. पत्रक छापणारा गृहीत धरतो की भारतातून येणारा म्हणजे देवदर्शनाला येणारा. गावोगावच्या विहारांत महिना शंभर-दोनशे रुपये बाजूला टाकून यात्रेची तयारी करणारी मंडळी त्याच्या हिशेबात नाहीत.

याचा फटका आम्ही अनुभवला आहे. आमच्या मंडळींनी एकदा एका खासगी यात्रावाल्याकडे पैसे भरले होते. विड्या वळणाऱ्या बाया होत्या, धानाच्या रोवणीला जाणारे शेतमजूर होते, दोन निवृत्त शिपाई होते. दोन वर्षांची बचत त्यात गेली. लुंबिनीला गाडी दुपारी लागली आणि 'दोन तासांत परत या' असा हुकूम झाला. महामाया विहारासमोरच्या रांगेतच एक तास गेला. म्हाताऱ्या उपासिकांनी वंदना अर्धी म्हटली न म्हटली तोच शिटी वाजली. दुसऱ्या दिवशी मात्र पोखऱ्याच्या बाजारात खरेदीसाठी अख्खी सकाळ दिली गेली! पैसे आपले, वेळापत्रक दुसऱ्याचे. दोष त्या एका यात्रावाल्याचाच आहे असे आम्ही म्हणत नाही. आपल्याला काय पाहायचे आहे हे आपण ठणकावून सांगितले नाही तर दुसरा कोणी सांगणार नाही.

नेपाळशी आपले नाते पत्रकावरचे नाही. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९५४ सालच्या पोटनिवडणुकीत आपल्या भंडारा मतदारसंघाने लोकसभेवर पाठवले नाही, ही सल आजही जुन्या माणसांच्या मनात आहे. त्याच बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा घेतली आणि महिन्याभरात, प्रकृती ढासळलेली असताना, ते काठमांडूला गेले. तेथे जागतिक बौद्ध परिषदेचे चौथे अधिवेशन भरले होते. २० नोव्हेंबरला त्यांनी बुद्ध आणि कार्ल मार्क्स यांच्या विचारांची तुलना करणारे भाषण केले. त्यानंतर अवघ्या सोळा दिवसांनी, ६ डिसेंबरला, त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्यांनी जगभरच्या बौद्धांशी शेवटची मोठी भेट घेतली ती नेपाळच्या भूमीवर.

ते नेपाळ तेव्हा हिंदू राजाचे राज्य होते. राणांच्या राजवटीत १९४४ साली थेरवादी भिक्खूंना देशाबाहेर घालवण्यात आले होते. त्या भिक्खूंनी सारनाथला येऊन धर्मोदय सभा स्थापली. राजेशाही संपून नेपाळ प्रजासत्ताक झाले ते २००८ साली. अस्पृश्यता कायद्याने केव्हाच बंद झाली, तरी तेथील दलित बांधवांचे हाल संपलेले नाहीत. कोणत्याही पर्यटन पत्रकात हे छापलेले नसते. आपण जाताना मात्र हे डोक्यात ठेवून जावे. ज्या भूमीत समतेचा महामानव जन्मला, त्या भूमीतही समता आपोआप उगवत नाही.

लुंबिनीत पहिल्यांदा पाहावा तो सम्राट अशोकाचा शिलास्तंभ. १८९६ साली तो पुन्हा उजेडात आला. राज्याभिषेकानंतर विसाव्या वर्षी अशोक स्वतः येथे आला आणि शाक्यमुनी बुद्धांचा जन्म येथे झाला म्हणून त्याने स्तंभ उभारला, असे त्यावर ब्राह्मी अक्षरांत कोरलेले आहे. पुढची ओळ आम्हाला अधिक मोलाची वाटते. लुंबिनी गावाचा कर त्याने माफ केला आणि उत्पन्नातील राजाचा वाटा आठव्या हिश्श्यावर आणला. जमाखर्चाच्या वह्या लिहिण्यात उमर गेलेल्या आमच्यासारख्यांना या ओळीचे फार अप्रूप. तीर्थाला आलेला राजा गावावर खर्च लादून गेला नाही, गावाचे ओझे उतरवून गेला. पर्यटनाचा गाजावाजा करणाऱ्या प्रत्येक सरकारने ही ओळ भिंतीवर लावून ठेवावी.

आजच्या लुंबिनीचा इतिहासही जाणून घ्यावा. संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस यू थांट हे ब्रह्मदेशचे बौद्ध. १९६७ साली ते येथे आले, तेव्हा ही जागा ओसाड होती. त्यांच्या पुढाकाराने जगाचे लक्ष वळले. जपानी वास्तुशिल्पी केन्झो तांगे यांनी १९७८ साली तीन मैल लांब व एक मैल रुंद परिसराचा आराखडा पुरा केला. मध्ये कालवा, पूर्वेला थेरवादी देशांचे विहार, पश्चिमेला महायान-वज्रयान परंपरेचे. या आराखड्यासाठी जुनी वस्ती हलवावी लागली, हेही विसरू नये. १९९७ साली युनेस्कोने लुंबिनीला जागतिक वारसा म्हणून मान दिला. २०१३ साली उत्खनन करणाऱ्यांनी जाहीर केले की महामाया विहाराखाली इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातील लाकडी बांधकामाच्या खुणा सापडल्या आहेत.

एवढे सगळे दोन तासांत कसे व्हायचे? आमचे म्हणणे, लुंबिनीला दोन मुक्काम तरी हवेतच. एक दिवस स्तंभ, पुष्करिणी आणि देशोदेशीचे विहार. दुसरा दिवस तिलौराकोटला. ते शाक्यांचे कपिलवस्तू होते असे नेपाळचे संशोधक मानतात; जुन्या तटाचे आणि दरवाजाचे अवशेष तेथे आहेत. वाटेत निगलिहवाला अशोकाचा आणखी एक स्तंभ आहे. सवड असेल तर पूर्वेला रामग्रामचा स्तूप पाहावा.

आता खर्चाची व सोयीची बाजू. नागपूरहून गोरखपूरला जाणाऱ्या गाड्या आहेत. गोरखपूरहून बसने सोनौली, नाका ओलांडला की भैरहवा, आणि तेथून लुंबिनी वीस-बावीस किलोमीटर. भैरहवाला २०२२ सालापासून आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे, पण आपल्याला रेल्वेच परवडते. ऑस्ट्रियन माणसाला व्हिसा लागतो, आपल्याला लागत नाही. तरी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र प्रत्येकाजवळ असावे. आधारवर विसंबू नये. शंभराच्या व त्याखालच्या नोटा भरपूर न्याव्यात. भारतीय शंभर रुपयांचे नेपाळी एकशे साठ होतात, हा हिशेब मुलांना पाठ करून द्यावा म्हणजे दुकानात फसगत होत नाही. मोठ्या मोटारीने जायचे तर नाक्यावर वाहनाची कागदपत्रे आणि भन्सार म्हणजे जकात यांत वेळ जातो, तो धरून चालावे. उन्हाळ्यात तराईचा भाग आपल्या भंडाऱ्यासारखाच तापतो, पावसाळ्यात चिखल, डिसेंबर-जानेवारीत दाट धुके. धान कापून झाल्यावरचा नोव्हेंबर किंवा मग फेब्रुवारी उत्तम. सप्टेंबर २०२५ मध्ये नेपाळात तरुणांचे मोठे आंदोलन होऊन सरकार पडले, तेव्हा प्रवासी अडकले होते. म्हणून निघण्यापूर्वी नाका सुरू असल्याची चौकशी करावी. आणि यात्रावाल्याकडून लुंबिनीचे दोन मुक्काम पावतीवर लिहून घ्यावेत. तोंडी वचनाला व्यवहारात किंमत नसते.

शेवटी एक महत्त्वाची गोष्ट. समजा लुंबिनीच्या विहारात एखाद्या ऑस्ट्रियन उपासकाने आपल्याला विचारले, 'तुम्ही कोठून आलात?' आपण म्हणू, 'भंडारा जिल्ह्यातून.' तो विचारील, 'तेथे काय आहे?' तेव्हा खाली मान घालण्याचे कारण नाही. अड्याळवरून जाणारा रस्ता पुढे वैनगंगेकाठच्या पवनीला पोहोचतो. १९६९-७० साली तेथे उत्खनन झाले आणि जगन्नाथ टेकडी व चांडकापूर येथे प्राचीन स्तूपांचे अवशेष निघाले. मुचलिंद नागराजाचे नाव कोरलेला शिल्पस्तंभ तेथे मिळाला. त्याच तालुक्यात रुयाड-सिंदपुरीला जपानी बौद्धांच्या सहकार्याने उभा राहिलेला महास्तूप आहे. जपानचा माणूस येथवर येतो आणि आपल्या गावातील कित्येक मुलांनी पवनीची टेकडी चढलेली नाही!

नेपाळ आपले धन जगाला दाखवण्यासाठी धडपडतो, त्यात गैर काही नाही. आपल्या धनाचे आमंत्रण आपण कोणाला देतो? निदान आपल्या लेकरांना तरी द्यावे. प्रत्येक विहाराने वर्षातून एक रविवार मुलांना पवनीला न्यावे, डबा सोबत घ्यावा, टेकडीवर बसून वंदना घ्यावी, इतिहास सांगावा. बसभाड्यापलीकडे त्याला खर्च नाही. त्याच दिवशी लुंबिनीच्या बचतीची वही उघडावी. पवनी पाहिलेले मूल पुढे लुंबिनीला जाईल, तेव्हा शिटी वाजली म्हणून वंदना अर्धी सोडून उठणार नाही. ते यात्रावाल्याला सांगेल, 'थांबा, आमची वंदना व्हायची आहे.'

जयभीम! नमो बुद्धाय!