नगरच्या रस्त्यांसाठी कॅमशाफ्टची निवड

फोर-स्ट्रोक इंजिनात हवा आत घेणारे आणि जळालेला वायू बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह कोणत्या क्षणी, किती उंच आणि किती काळ उघडे राहावेत, हे ज्या दांड्यावरील उंचवटे ठरवतात तो कॅमशाफ्ट होय. तो क्रँकशाफ्टच्या निम्म्या गतीने फिरत असल्यामुळे इंजिन मिनिटाला 6000 फेरे घेत असताना प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला 50 वेळा उघडतो आणि मिटतो. उंचवट्याचा आकार बदलला की इंजिनाचा स्वभावच बदलतो, आणि म्हणून गाडी जोरकस करू पाहणाऱ्यांचे लक्ष एअर फिल्टर व सायलेन्सर झाल्यावर कॅमकडे वळते. अहिल्यानगरच्या, म्हणजे कालपरवापर्यंतच्या अहमदनगरच्या, संदर्भात यात एक गंमत अशी की, या गावचे सर्वांत गाजलेले इंजिन म्हणजे 1972 साली आलेल्या कायनेटिकच्या लूनाचे. ते 50 सीसीचे, टू-स्ट्रोक होते आणि त्यात कॅमशाफ्ट नावाची वस्तूच नव्हती.

प्रस्तुत लेखकाच्या वापरातील गाडी कार्बुरेटरची मारुती एस्टीम आहे: 1298 सीसी, हेडवर एकच कॅमशाफ्ट, प्रत्येक सिलिंडरला दोन याप्रमाणे आठ व्हॉल्व्ह, आणि कारखान्यातून निघतानाची शक्ती सुमारे 65 अश्वशक्ती. हेड दुरुस्तीसाठी उतरवावे लागले तेव्हा त्यासोबत कॅमही बदलावा असे ठरले, आणि मिस्त्रीने पुढे ठेवलेला पहिला पर्याय 288 अंशांचा होता, जो रॅलीच्या गाड्यांत चालतो आणि ज्याच्या आवाजावरच अनेकजण भाळतात. हा आकडा व्हॉल्व्ह किती काळ उघडा राहतो ते क्रँकशाफ्टच्या फिरण्याच्या अंशांत सांगतो, आणि त्याला ड्युरेशन म्हणतात. मोजणी मात्र सगळीकडे सारखी नसते: कोणी व्हॉल्व्ह जागेवरून हलल्या क्षणापासून मोजतो, कोणी तो 1 मिलिमीटर उचलल्यावर, त्यामुळे दोन कारागिरांचे आकडे शेजारी ठेवण्यापूर्वी मोजण्याची रीत विचारणे भाग असते.

पिस्टनची एक धाव 180 अंशांची असते, तरी हवेचा व्हॉल्व्ह पिस्टन तळाला पोचून वर निघाल्यानंतरही उघडा ठेवला जातो, कारण वेगाने आत येणारी हवा स्वतःच्या जोराने शिरतच राहते. 240 अंशांचा सौम्य कॅम हा व्हॉल्व्ह तळानंतर साधारण 48 अंशांनी मिटवतो आणि तोवर पिस्टनने आपल्या धावेचा सुमारे आठवा हिस्सा वर कापलेला असतो. त्याच मांडणीच्या 288 च्या कॅममध्ये हे मिटणे 72 अंशांवर जाते आणि तोवर पाव हिश्शाहून अधिक धाव संपलेली असते. इंजिन सहा हजारांवर असेल तर हवेचा जोर ही उशिराची भरपाई करतो; दोन हजारांवर तो जोर नसतो, आत आलेली हवा पिस्टन पुन्हा इनटेक मॅनिफोल्डमध्ये ढकलून देतो, आणि मिस्त्रींच्या भाषेत गाडी ‘खालून ओढत नाही’. समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास असलेल्या नगरमध्ये हवा आधीच किनाऱ्यापेक्षा सहाएक टक्के विरळ असते, तेव्हा आत आलेली हवा परत घालवणे इथे आणखीच महागात पडते.

म्हणून निवडीचा खरा प्रश्न ‘शक्ती किती वाढेल’ हा नसून ‘इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा बहुतेक वेळ कुठे असतो’ हा ठरतो. हा काटा नगर-मनमाड रस्त्यावर राहुरीच्या अलीकडे-पलीकडे, गळिताच्या हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागे, दीड-दोन हजारांवर रेंगाळतो. सुपा आणि शिरूरच्या दिशेने मोकळा रस्ता मिळाला तरी पाचव्या गियरमध्ये 80 च्या वेगाला तो अडीच हजारांच्या पुढेमागेच राहतो. पाथर्डीकडे जाताना करंजी घाटात आणि संभाजीनगरच्या वाटेवर इमामपूर घाटात तो तीन ते चार हजारांत फिरतो. साडेपाच हजारांच्या वर तो ओव्हरटेक करतानाच जातो, तेही क्षणभर. या नोंदीनंतर 288 चा विचार टिकत नाही. निवड 264 अंशांवर स्थिरावली, आणि हवेच्या आणि जळालेल्या वायूच्या व्हॉल्व्हच्या उंचवट्यांच्या मध्यांतील अंतर, ज्याला लोब सेपरेशन म्हणतात, 112 अंश ठेवण्यास सांगितले गेले. तसे केल्याने दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याचा काळ, म्हणजे ओव्हरलॅप, 40 अंशांवर येतो; 288 आणि 108 च्या जोडीत तो 72 असता. ओव्हरलॅप वाढला की आयडलिंग अडखळते, मॅनिफोल्डमधील निर्वात कमी होऊन ब्रेक बूस्टरचे बळ घटते आणि न जळालेले पेट्रोल थेट सायलेन्सरकडे निघून जाते.

नवा तयार कॅम मिळवण्यापेक्षा मूळ कॅम पुन्हा घासून घेणे आपल्याकडे रूढ आहे, पण त्याला धातूची मर्यादा आहे. पुष्कळ गाड्यांचे कॅम चिल्ड कास्ट आयर्नचे असतात: साच्यात उंचवट्यांच्या जागी लोखंडी ठोकळे बसवलेले असल्याने तेथील रस झटकन गोठतो आणि पृष्ठभाग काचेसारखा कठीण होतो, तर मधला दांडा तुलनेने चिवट राहतो. शेजारच्या सोलापुरात 1992 साली स्थापन झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी याच पद्धतीचे कॅमशाफ्ट देशोदेशीच्या मोटार कंपन्यांना पुरवते. हा कठीण थर काही मिलिमीटरचाच असतो. घासताना तो संपला तर कॅम थोड्याच काळात खाल्ला जातो, म्हणून घासणाऱ्याकडून कठिणपणा तपासून घेतल्याशिवाय कॅम ताब्यात घेऊ नये, हे येथे आग्रहाने नोंदवावेसे वाटते. घासल्यावर उंचवट्याचे मूळ वर्तुळ लहान होते आणि तेवढी ढिलाई एस्टीममध्ये रॉकरच्या टॅपेट स्क्रूने भरून काढता येते.

बसवणीत सर्वाधिक वेळ एका साध्या तपासणीला लागला. पिस्टनच्या माथ्यावर मुलांच्या खेळातील प्लॅस्टिसिन चिकटवले, हेड बसवून बोल्ट कसले, क्रँक पान्याने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवला आणि हेड पुन्हा उतरवून, व्हॉल्व्हने मातीत उमटवलेला ठसा ब्लेडने कापून त्याची जाडी व्हर्नियरने मोजली. दोन मिलिमीटरहून अधिक जागा मिळाल्यावरच काम पुढे गेले. त्यानंतर डिग्री व्हील आणि डायल गेज लावून कॅम 4 अंश पुढे घेण्यात आला, जेणेकरून हवेचा व्हॉल्व्ह लवकर मिटेल आणि घाटातील ओढ टिकेल. कॅमवर मॉलिब्डेनमची पेस्ट फासून पहिल्या वीसेक मिनिटांत इंजिन दोन हजारांच्या खाली येऊ दिले नाही, कारण कमी फेऱ्यांवर उंचवट्यांना तेल अपुरे पोचते.

गाडी आता 900 ऐवजी 1000 वर नीट आयडल होते, करंजी घाट तिसऱ्या गियरमध्ये पूर्वीइतकाच सहज चढते आणि साडेचार हजारांनंतर जिथे तिचा दम संपत असे तिथे ओढत राहते. डायनोवर ती चढवलेली नसल्याने अश्वशक्तीचा आकडा सांगण्यासारखा नाही. पीयूसीची चाचणी आयडलिंगवरच होत असल्याने तिथे ओव्हरलॅप लपत नाही. भारत स्टेज दोनपूर्वीच्या पेट्रोल गाड्यांना कार्बन मोनॉक्साइड 3 टक्के आणि हायड्रोकार्बन 1500 पीपीएम अशी मर्यादा आहे, आणि कार्बुरेटरचा मिक्श्चर स्क्रू दोनदा जुळवल्यावर ही एस्टीम तिच्या आत बसली.