काटा लालला भिडला तेव्हा

2011 सालचा मे महिना. आमच्याकडे तेव्हा पंधरा वर्षांची जुनी मारुती 800 होती, पतपेढीचे कर्ज काढून घेतलेली. चाळीत तेवढी एकच गाडी, म्हणून अडीअडचणीला ती सगळ्यांचीच.

धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दुपारी कळा सुरू झाल्या. आम्ही बदलापूरहून उल्हासनगरला निघालो. रस्ता मोकळा होता तोवर सगळे ठीक. अंबरनाथला गर्दीत अडकलो आणि तापमानाचा काटा लालला भिडला. बॉनेटमधून वाफा निघू लागल्या. आईने बहिणीला रिक्षात घालून पुढे नेले. आम्ही मागे राहिलो आणि घाईत रेडिएटरचे झाकण उघडले. दाबाखालचे उकळते पाणी उसळले, मनगट भाजले. संध्याकाळी भाची झाली. मायलेकी सुखरूप होत्या, पण रात्रभर आम्हांला झोप नाही. रिक्षा मिळाली नसती तर?

मेकॅनिक म्हणाला, "हेड गॅस्केट गेले, इंजिन खोलावे लागेल." आकडा आमच्या पगाराच्या वर. शेजारचे काका मुंबईत पद्मिनी टॅक्सी चालवून थकलेले. ते म्हणाले, "बाबा, आधी तपास, मग खोल."

गॅस्केट जाऊन पाणी ऑइलमध्ये मिसळले तर ऑइल दुधाळ दिसते. आमचे काळेच होते. सायलेन्सरला पांढरा धूर नाही, कुठे गळती नाही. मग काकांनी विचारले, "पळताना थंड, उभी राहिली की गरम. अर्थ काय?" पळताना वारा रेडिएटर थंड करतो, उभ्या गाडीत ते काम विजेच्या पंख्याचे. इंजिन चालू ठेवले. काटा चढला तरी पंखा हलेना. फ्यूज चांगला होता. पंख्याला थेट बॅटरी दिली, तो गरगर फिरला. म्हणजे मोटर शाबूत, दोष पंखा सुरू करणाऱ्या थर्मो स्विचात. काही शे रुपयांत काम झाले.

आम्ही बी.कॉम. ताळेबंद जुळला नाही तर एकेक नोंद तपासतो, वही फाडत नाही. गाडीपुढे मात्र ती अक्कल गहाण टाकली होती.

बंधू-भगिनींनो, जुनी गाडी असेल तर थंड इंजिनावर पाणी पाहत जा. बोअरचे पाणी घालू नका, क्षार साचतात, कूलंट घाला. काटा चढला तर गाडी बाजूला घेऊन बंद करा, पूर्ण निवेपर्यंत झाकणाला हात लावू नका.

भाची कधी विचारते, "मामा, मनगटावर डाग कसला?" आम्ही सांगतो, "तुझ्या वाढदिवसाची खूण."